द्वारकामायचा गुंतलेला फोन

घरात फोन असूनही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली. त्या रविवारी दुपारी मी कतारगामच्या माझ्या भाड्याच्या खोलीत संगणकापुढे बसलो होतो. फोनच्या तारेवरून नेट जोडलेलं होतं आणि परदेशातल्या कुठल्याशा शाळेच्या वर्गाचं एक चित्र पडद्यावर वरून खाली इंचाइंचाने उतरत होतं. बाकं दिसायला लागली एवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर रघुनाथ उभा. लिंबायतला आम्ही एकाच गल्लीत राहायचो, तेव्हापासूनची ओळख. लूमवरून तसाच उठून आलेला, केसांत धाग्यांचे बारीक तुकडे. म्हणाला, "मास्तर, माय गई." आणि मी, इतकी वर्षं मुलांना प्रश्न नीट ऐकून मग उत्तर द्या म्हणून बजावणारा माणूस, विचारता झालो, "कोणाची?" तो म्हणाला, "आपली." आणि पुढे, "कधीना फोन लायी राह्यनू. एंगेजच शे."

माझ्यामागे मोडेमचे दिवे लुकलुकत होते.

रिक्षातून लिंबायतला पोचलो तर गल्ली माझ्यासाठी खोळंबलेली. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने शेजारणीला, मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "मायनी सांगेल व्हतं. मी मरसू त्या दिन मास्तरना फोन गुंतेल राही." हे द्वारकामायने खरोखर म्हटलं होतं की म्हातारीने तिथल्या तिथे रचलं, याबद्दल मला आजही शंका आहे. पण त्या गल्लीत शंका नसलेली गोष्ट मी पाहिलेलीच नाही, आणि त्या परंपरेचं मूळ गाव द्वारकामाय होती.

तिचा नवरा लूमच्या कारखान्यात मुकादम होता. टेलिफोनसाठी नाव त्याने नोंदवलं आणि फोन आला तेव्हा तो नव्हता. त्यामुळे त्या काळ्या यंत्राकडे माय पहिल्या दिवसापासून जरा वाकड्या नजरेनेच बघायची. ज्याने बोलावलं तो गेला, आणि हे आलं. पण गल्लीत दुसरा फोन नव्हता. खानदेशातली कुठकुठली गावं सोडून इथे गुजरातेत लूमवर पोट भरायला आलेली ती घरं, सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर, गावाकडच्या भिंतींवर कोळशाने, मायचा नंबर लिहिलेला आणि पुढे 'पीपी'. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. जन्म, साखरपुडा, बैल विकला, म्हातारा अत्यवस्थ आहे, निघा... सगळं त्या एका तारेवरून यायचं आणि मायच्या उंबऱ्यावरून घरोघर जायचं. ते सहजासहजी जायचं नाही मात्र. रिसीव्हर उचलून ती आधी नुसतंच ऐकायची. मग तीन प्रश्न ठरलेले. "कोण?" नाव सांगितलं की, "कोना कोण?" म्हणजे कोणाचा तू कोण लागतोस. आणि ते पटलं तर, "काय काम शे?" तिन्हींची उत्तरं जुळली तरच शेजारच्या घराला हाक जायची. गावाकडच्या मरणाची बातमी द्यायला बूथवर उभा राहिलेला माणूससुद्धा आधी ही तोंडी परीक्षा देऊन मग रडायचा.

मी गल्लीत राहायला गेलो तेव्हा एकदा शाळेतून तिच्या नंबरावर फोन केला, शेजाऱ्यांकडे निरोप द्यायचा होता. नाव सांगितलं. "कोना कोण?" मी ऐटीत म्हणालो, "मराठी शाळेचा मास्तर." पलीकडून, "शाळा काय तुनी माय शे का?" आणि फोन बंद. निरोप द्यायला मी चालत गेलो.

अशा बाईच्या घरात मी इंटरनेट आणायला निघालो होतो, यावरून माझ्या अकलेची कल्पना यावी. पण नाद तसा होता. आमच्या शाळेतून मुलं मराठीतून दहावी होत आणि तिथेच अडत, कारण पुढे विज्ञान शिकायचं तर जवळपास सगळं गुजरातीतून. हुशार मुलं अकरावीत जात आणि चार महिन्यांत गप्प होत. गणित येत असे, प्रश्नच कळत नसे. शिकवणी लावायला पैसा नाही, आणि शिकवणाऱ्याला मराठी नाही. त्याच सुमारास इंटरनेट तासांच्या पाकिटात विकत मिळू लागलं होतं. मी कुठेतरी वाचलं की आता ज्ञान घरी येणार, आणि पेटलो. शिक्षणखात्याच्या कचेरीत जाऊन एका साहेबांना सांगितलं की गरीब वस्तीत जिथे जिथे फोन आहे त्या घरात एक संगणक ठेवा, शिक्षणात सुधारणा दुसऱ्या कशाने होणार नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि हळूच विचारलं, "तुम्ही कोणत्या कंपनीतर्फे?"

रिंग रोडवरच्या एका साडीच्या पेढीने टाकायला काढलेला संगणक मी उचलून आणला. साड्यांचे हिशेब करून करून तो थकलेला होता, पण सुरू व्हायचा. सायबर कॅफे स्टेशनाकडे होता. तिथे लिंबायतच्या मुलींना कोण पाठवणार? मुलगी शिकली तर घरात बसून शिकेल. आणि घर म्हणजे जिथे फोन आहे ते घर. मी मायसमोर बसून तासभर बोललो. शेवटी अगदी रंगात येऊन सांगितलं, "माय, इथे बसून सगळं जग दिसेल."

तिने सुपारी कातरणं थांबवलं. "मंग जगले बी मनं घर दिसी ना?"

मी नाही म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. संगणक आतल्या खोलीत ठेवायला ती कबूल झाली, पण त्याच्या पडद्यावर कायम एक जुनी साडी टाकलेली असे. मुलांचं काम चालू असेल तेवढीच काढायची. जेवताना, केस विंचरताना, देवापुढे दिवा लावताना जगाने तिला बघितलेलं तिला चालणार नव्हतं. संगणक बंद आहे, असं मी सांगायचो. ती म्हणायची, बंद आहे हे तुला कोणी सांगितलं?

उद्घाटनाचा दिवस माझ्या आयुष्यातल्या निवडक फजित्यांत मोडतो. गल्ली जमली होती. मोडेमला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, अर्धं पाणी कळफलकात गेलं. मोडेमने नंबर फिरवून किंचाळायला सुरुवात केली तेव्हा मायने पुढच्या खोलीतला रिसीव्हर उचलून त्याला आपले तीन प्रश्न विचारले आणि जोडणी तुटली. पुन्हा लावली. मी एका परदेशी विद्यापीठाचं पान उघडलं. वाटलं, मुलांना मोठ्या संस्थेचं दर्शन घडावं. तिथे कोणा बाईंचं छायाचित्र होतं आणि ते वरून उतरायला लागलं. आधी केस. मग कपाळ. डोळे. सगळी गल्ली श्वास रोखून. ओठ आले, हनुवटी आली, गळा आला... आणि गळ्याखाली काही आहे की नाही हे कळायच्या आत लाईन गेली. ती बाई विद्यापीठाची कुलगुरू होती, वयाने माझ्या आईएवढी, आणि अंगात जाड कोट होता, हे मी त्यानंतर शपथेवर सांगत आलो आहे. कोणी मानलं नाही. रघुनाथ उठला, आपल्या मुलीचा, वैशालीचा, दंड धरला आणि तिला घेऊन गेला.

ही वैशाली म्हणजे ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप होता, तीच. दहावीला शाळेत पहिली आलेली, अकरावी विज्ञानाला गेलेली, आणि वर्गात गप्प झालेली. आपल्याकडचं त्वरण तिकडे गुजरातीत प्रवेग होतं, आणि संवेगाचं वेगमान. पानोपान असं. तिला आणून बसवण्यासाठी मी रघुनाथच्या दारात किती वेळा उभा राहिलो ते सांगत नाही. शेवटी ठरलं की चित्रं अजिबात उघडायची नाहीत, फक्त पत्रं. पुण्याला माझा एक वर्गमित्र कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याला ईमेलने प्रश्न पाठवायचे, त्याने उत्तर द्यायचं. तेव्हा मराठी अक्षरं इकडून तिकडे जातील असा भरवसा नव्हता, म्हणून सगळं मराठी इंग्रजी लिपीत. मुलं ते मोठ्याने वाचून आधी मराठी ओळखायची आणि मग भौतिकशास्त्र. परवडावं म्हणून पत्र आधी लिहून ठेवायचं, मग नेट जोडायचं, दोन-चार मिनिटांत सगळं पाठवायचं, आलेलं उतरवून घ्यायचं, आणि तोडायचं. तासांचं पाकीट मी आणायचो, फोनचं बिल मुलांच्या घरांनी मिळून भरायचं.

आणि रोज संध्याकाळी, अगदी पत्रं उतरत असताना, जोडणी तुटायची. वैशाली आतून ओरडायची, "सर, लाईन पाछी गई." म्हणजे लाईन पुन्हा गेली; अकरावीत गेल्यापासून तिची चिडचिड गुजरातीतून व्हायची. पुन्हा नंबर फिरवायचा म्हणजे पुन्हा कॉल, पुन्हा पैसे. मी आधी टेलिफोन खात्यावर संशय घेतला. मग लूमच्या विजेवर. मग एके दिवशी लक्षात आलं की शेजारणींच्या भेटीला माय बाहेर गेलेली असली की लाईन जात नाही. पुढच्या खोलीतला फोन आणि आतला मोडेम एकाच तारेवर; बाहेर रिसीव्हर उचलला की आतलं तुटणारच. ती हे मुद्दाम करते, असा माझा निष्कर्ष निघाला. गल्लीतून कुरबुर माझ्या कानावर येतच होती की गावाहून फोन लागत नाहीत, मास्तरने तार अडवली. रघुनाथही वेगळंच कुजबुजायला लागला होता. पुण्याचा हा कोण प्राध्यापक, तो माझ्या पोरीशी रोज काय बोलतो? फोनच्या तारेवरून जातं म्हणजे बोलणंच ना? एकदा मला सरळ म्हणाला, तिचं नाव काढतो शाळेतून, गावाला तिच्या आत्याकडे धाडतो. तो अर्धं धमकावत होता आणि अर्धं खरंच. मला त्या खऱ्या अर्ध्याची भीती होती.

मग मी हुशारी केली. मायला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. वैशालीला आत संगणकावर बसवलं, मायला सांगितलं की शाळेत जाऊन येतो, आणि घराला वळसा घालून मागच्या बोळात आलो. तिथे पुढच्या खोलीची एक लहान खिडकी होती, जरा उंच. मी एका रिकाम्या डब्यावर चढलो आणि गजांना धरून आत बघू लागलो. मोडेमचं किंचाळणं ऐकू आलं. थोड्याच वेळात माय आली, पदराने हात पुसले, फोनवरचं विणलेलं झाकण काढलं, रिसीव्हर कानाला लावला आणि डोळे मिटून ऐकत बसली. आतून आवाज आला, "लाईन पाछी गई." मी मनातल्या मनात टाळी वाजवणार, तोच पायाखालचा डबा कोणीतरी ओढला.

एका विधवेच्या खिडकीला लटकलेला मास्तर. गल्लीला आणखी काय हवं होतं? बायका जमल्या, पोरं जमली, माझी एक चप्पल गटारात गेली होती. मी संगणक, समांतर तार, जोडणी असं काहीबाही समजावत होतो आणि प्रत्येक शब्दागणिक जास्त लबाड दिसत होतो. तेवढ्यात पाळी संपवून रघुनाथ आला. त्याने मला खालपासून वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, ज्याचा मास्तर असा, त्याची तार कशी असेल. मग दाराकडे वळून वैशालीला हाक मारली, चल, सामान बांध, उद्याच्या गाडीने तू गावाला. ती बाहेर आली ती हातात वही घेऊन. रडत नव्हती. तिचं न रडणं बघून मला पहिल्यांदा कळलं की हा विनोद माझ्या एकट्याच्या फजितीचा उरलेला नाही.

माय उंबऱ्यात आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या एकाच चपलेकडे, मग रघुनाथकडे.

"मी रोज ऐकस," ती म्हणाली. "ती पोर आत बठनी की मी फोन कानले लावस. त्यामा माणूस नही. बाई बी नही. निस्ती किरकिर शे."

रघुनाथ म्हणाला, "माय, तुले काय समजस त्यामा?"

"माले माणूस समजस," माय म्हणाली. "इतला वरीस तुम्हना सगळासना फोन मीच ऐकेल शेतस. कोण खरं बोलस, कोण खोटं, माले समजस. त्या तारमा कोणी नही. तुनी आंडेर शिकी राह्यनी. शिकू दे."

आंडेर म्हणजे लेक. त्या शब्दावर रघुनाथची मान खाली गेली. गल्लीत मायच्या शब्दाला किंमत होती, आणि ती कशामुळे, हे मला त्या क्षणी उमगलं. विश्वास ठेवणारी बाई म्हणाली असती की काही वावगं नाही, तर तिला कोणी विचारलं नसतं. ही तर सख्ख्या भावाच्या फोनलासुद्धा तीन प्रश्न विचारणारी. तिने रोज कान लावून तपासलेली तार म्हणजे पोलिसांनी तपासल्यापेक्षा भारी. कोणीतरी मागून विचारलं, आणि हा मास्तर खिडकीत काय करत होता? माय म्हणाली, "त्याना मावर संशय शे. मना त्यावर शे. बराबर शे." आणि आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा टाकला. मी एका चपलेवर बसून तो प्यायलो.

वैशाली गावाला गेली नाही. तडजोड अशी झाली की मोडेम किंचाळायला लागला की माय एकदा ऐकून घेईल, मग ठेवेल, आणि मग नंबर पुन्हा फिरवून पत्रं. गावाकडे निरोप गेले की दिवेलागणीला फोन लागला नाही तर घाबरू नका, पोरं शिकतायत, थोड्या वेळाने लावा. पुण्याच्या माझ्या मित्राला मी हे सगळं कळवलं, तर त्याने पुढच्या पत्रात प्रवेगाच्या उत्तराखाली एक ओळ घातली: द्वारकामायना नमस्कार, मी माणूस नाही. वैशालीने ती तिला वाचून दाखवली. माय म्हणाली, बघ, आता बोलायला लागला.

पण एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. माझी कतारगामला बदली व्हायच्या थोडं आधी, एका संध्याकाळी मी पुढच्या खोलीतच बसलो होतो. आत मोडेम ओरडला. माय उठली, झाकण काढलं, रिसीव्हर उचलून कानाला लावला. दार उघडं होतं, समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यांना दिसेल अशी ती उभी राहिली. भुवया आवळून, अगदी लक्ष देऊन. किती तरी वेळ. आणि जोडणी तुटली नाही. मी चमकून बघितलं. रिसीव्हर तिच्या कानाला होता, पण दुसऱ्या हाताचा अंगठा, रिसीव्हर ठेवला की दबतो त्या खटक्यावर घट्ट दाबलेला. म्हणजे तारेच्या लेखी फोन उचललेलाच नव्हता, आणि तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं. तो मेलेला रिसीव्हर होता. ती गल्लीला दाखवत होती की तार तपासली जाते आहे.

खटका दाबायचं तिला कोणी शिकवलं? वैशालीने? की फोन हाताळता हाताळता आपोआप कळलं? आणि कधीपासून? त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून तिने जे ठासून सांगितलं, ते खरोखर ऐकून सांगितलं, की तिला त्या किरकिरीतलं काही कळत नाही हे तिला पुरतं माहीत होतं? मी विचारलं. ती म्हणाली, "तुले काय करानं?" आणि फोनवर झाकण घातलं. मी अनेकदा स्वतःला समजावलं की पहिलं सगळं खरं होतं आणि अंगठा नंतरचा. पण कधी कधी वाटतं, हिने आम्हा सगळ्यांना फसवलं. आणि ज्या बाईने आयुष्यभर कोणाला विनाचौकशी आत घेतलं नाही, तिला आत काय चाललंय ते आमच्याआधी कळलं असेल, असा मला दाट संशय आहे.

दहाव्याला मायचा मुलगा पलसाण्याहून आला होता. तिथल्या डाईंग मिलमध्ये तो कामाला आहे. बोलायला मोजका, बघायला संशयी, आईवर गेलेला. त्याने जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की फोन तो आपल्या खोलीवर हलवणार आहे, अर्ज दिला आहे, पुढच्या रविवारी येऊन यंत्र काढून नेईल. त्याचंही काही चुकत नव्हतं, त्याला फोनची गरज आहे. गावाकडच्या निरोपांचं काय हा प्रश्न होताच. पण वैशालीची बारावीची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती, आणि तिला अजून विचारायचं बरंच होतं. ती भांडी आवरत होती. एकदाही वर बघितलं नाही तिने. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रघुनाथने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. माझं बोलणं त्याने पूर्वी ऐकलेलं आहे.

तो रविवार मी इथे कतारगामला काढला. सकाळपासून नेट लावलं नाही, आपला फोन गुंतता कामा नये म्हणून. कोणी कळवेल असं वाटत होतं. कोणी कळवलं नाही. दिवेलागणीला राहवेना, तेव्हा मायचा नंबर फिरवला. यंत्र काढून नेलं असेल तर पलीकडे घंटा वाजतच राहील, रिकाम्या भिंतीवर, असं काहीतरी मनात होतं. घंटा वाजायला लागली. वाजतच राहिली... मी ठेवणार एवढ्यात कोणीतरी उचललं. आणि आवाज नाही. नुसतं ऐकणं चाललंय, श्वासाचा बारीक आवाज येतोय, आणि मला ते ऐकणं ओळखीचं वाटलं.

मग वैशालीचा आवाज. "कोण?"

मी नाव सांगितलं. तिला माझा आवाज पाठ आहे. ती हसेल, निदान 'सर' म्हणेल असं वाटलं. नाही. मागे कुणी पुरुष खाकरला, मायचा पलसाण्याचा मुलगाच असावा. तो ऐकत उभा होता, आणि त्याने यंत्र काढलेलं नव्हतं. वैशालीने तसंच, अगदी त्याच सुरात, पुढचा प्रश्न विचारला.

"कोना कोण?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वर्षांत कधी धड देता आलं नव्हतं. मी घसा साफ केला.

"द्वारकामायना मास्तर," मी म्हणालो.

पलीकडे उत्तर तपासलं जात असावं.

"काय काम शे?" तिने विचारलं.